विद्याव्यवहारातील ऋणनिर्देश

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जयनगर येथे केलेले भाषण)



व्याख्यानाचे आमंत्रण घेऊन मंडळाचे कार्यवाह माझ्याकडे आले, तेव्हा विषयाची निवड त्यांनी माझ्यावरच सोपविली. मी ‘ऋणनिर्देश’ हा विषय सांगताच त्यांचा चेहरा किंचित उतरला. “ते तर आपल्याकडे शेवटी असतेच,” असे ते म्हणाले. कार्यक्रम संपत आला, श्रोते पादत्राणे शोधू लागले, म्हणजे जे काही बोलले जाते ते आभारप्रदर्शन, अशी आपली समजूत झालेली आहे. ग्रंथांतही तसेच घडते. प्रस्तावनेच्या अखेरीस चार ओळींत दहा जणांचे आभार मानले की लेखक मोकळा होतो, आणि पुढील तीनशे पृष्ठांत कोणता विचार कोणाचा आणि कोणते वाक्य कोठून आले याचा मागमूसही वाचकास लागत नाही. मला जे म्हणावयाचे आहे ते या दुसऱ्या गोष्टीविषयी आहे. आभार हा सौजन्याचा भाग झाला. ऋणनिर्देश हा सत्याचा भाग आहे. आभार न मानल्यास मनुष्य उद्धट ठरेल, परंतु ऋणनिर्देश न केल्यास त्याचे लेखनच खोटे ठरते.

आपण ज्या प्रांतात राहतो त्या प्रांतातलेच उदाहरण घेऊ. १९०५ च्या सुमारास म्हैसूरच्या सरकारी प्राच्य ग्रंथालयात तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने ताडपत्रांची एक पोथी आणून दिली. ती ग्रंथ लिपीत होती आणि तिच्यासमवेत भट्टस्वामीच्या टीकेचा काही अंश होता. त्या वेळी त्या ग्रंथालयात रुद्रपट्टण शामशास्त्री होते. त्यांनी पोथी चाळली, आणि शेकडो वर्षे ज्याचे केवळ नाव ऐकू येत होते तो कौटिल्याचा अर्थशास्त्र ग्रंथ आपल्या हाती आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. १९०९ मध्ये त्यांनी संस्कृत संहिता प्रसिद्ध केली. १९१५ मध्ये त्यांचे इंग्रजी भाषांतर याच बेंगळुरात छापले गेले. प्राचीन हिंदू लोक परलोकाच्या चिंतेत गढलेले होते, राज्यव्यवहाराचा विचार त्यांना ठाऊक नव्हता, असे मानणाऱ्यांना या एका पोथीने आपली मते पुन्हा तपासावयास लावली.

या प्रसंगात आजच्या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, ग्रंथ लुप्त असतानाही तो ओळखता आला, तो कशामुळे? कामंदकाने आपल्या नीतिसाराच्या आरंभीच विष्णुगुप्ताला वंदन करून, आपण त्याच्या शास्त्रातूनच हे सार काढीत आहोत, हे स्पष्ट सांगून ठेवले होते. दंडीने त्याचा उल्लेख केला होता. बाणभट्टाला ते शास्त्र क्रूर वाटले, आणि तसे त्याने लिहिले, परंतु नाव घेऊन लिहिले. मल्लिनाथाने टीका लिहिताना त्यातील वचने दिली, ती कोणाची हे सांगून दिली. या सर्वांनी जर ते विचार आपलेच म्हणून खपविले असते, तर म्हैसुरात आलेली ताडपत्रे ही कोणा अज्ञात लेखकाची एक संहिता ठरली असती. उसने घेणाऱ्यांनी धन्याचे नाव टिकविले, म्हणून घरी परतलेले धन कोणाचे हे कळले.

दुसरी गोष्ट खुद्द कौटिल्याची. ज्या मनुष्याचे नाव कुटिलतेला पर्याय म्हणून आपण वापरतो, तो ऋणनिर्देशाच्या बाबतीत अत्यंत सरळ आहे. ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात तो सांगतो की, पूर्वीच्या आचार्यांनी जी अर्थशास्त्रे रचली, त्यांपैकी बहुतेकांचा संग्रह करून आपण हे एक शास्त्र केले आहे. आणि हे केवळ आरंभीचे वंदन नव्हे. आत पदोपदी तो ते पाळतो. अमात्य कोणास करावे, हा प्रश्न पाहा. भारद्वाज म्हणतो, राजाने आपल्या सहाध्यायांना अमात्य करावे, कारण त्यांची सचोटी आणि कुवत त्याला ठाऊक असते. विशालाक्ष म्हणतो, छे, बरोबर खेळलेले लोक राजाला मान देत नाहीत. ज्यांची गुपिते राजाला ठाऊक आहेत, त्यांना नेमावे. पराशर म्हणतो, गुपिताची भीती दोन्ही बाजूंना सारखीच असते. ज्यांनी प्राणसंकटी उपकार केला, त्यांना नेमावे. पिशुनाला त्यात भक्ती दिसते, बुद्धी दिसत नाही. नेमून दिलेला महसूल जो ठरल्याप्रमाणे किंवा त्याहून अधिक आणून देतो, तो त्याला हवा. कौणपदंताला वंशपरंपरेने आलेले अमात्य हवेत. वातव्याधीला तेच नकोत, कारण ते सर्वस्व बळकावून बसतात. त्याला नवी, नीती जाणणारी माणसे हवीत. आणि बाहुदंतीपुत्र म्हणतो की, केवळ शास्त्र शिकलेला आणि अनुभव नसलेला मनुष्य प्रत्यक्ष कामात गोंधळतो, म्हणून कुलीनता, बुद्धी, सचोटी, शौर्य आणि निष्ठा हे सर्व पाहावे. सात आचार्यांची सात मते अशा रीतीने मांडून झाल्यावर कौटिल्य स्वतः बोलतो. तो म्हणतो की हे सर्वच युक्त आहे. मनुष्याची योग्यता त्याच्या कार्यसामर्थ्यावरून ठरवावी.

(बेंगळुरातील कार्यालयांत नेमणुका करणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांना हा वाद ओळखीचा वाटला असेल.)

या साती आचार्यांचे स्वतंत्र राजनीतिग्रंथ आज उपलब्ध नाहीत. विशालाक्षाचे म्हणणे काय होते, वातव्याधीला कशाची भीती वाटत होती, हे आपल्याला कळते ते मुख्यतः कौटिल्याने त्यांची नावे गाळली नाहीत म्हणून. ज्यांचे खंडन करावयाचे त्यांचेही मत त्यांच्या नावावर आणि त्यांच्या युक्तिवादासह द्यावयाचे, हा आपल्या शास्त्रकारांचा पूर्वपक्षाचा दंडक. तळटीप ही पाश्चात्त्यांकडून आलेली वस्तू आहे, आपल्या परंपरेत तिचे प्रयोजन नव्हते, असे म्हणणारे विद्वान मला भेटले आहेत. तळटीपेचा छापील आकार परका असेल. तिच्यामागची सचोटी परकी नाही.

आता त्या तंजावरच्या पंडिताकडे वळू. शामशास्त्र्यांनी त्याचा उल्लेख केला, ही त्यांची सचोटी. पोथी आपणच शोधून काढली, असे त्यांना सहज म्हणता आले असते. परंतु उल्लेख झाला तो ‘तंजावर जिल्ह्यातील एक पंडित’ एवढाच. त्यात नाव आले नाही, गावही आले नाही. ती पोथी त्याच्या घरी किती पिढ्या होती, त्याने ती का दिली, तो कोण होता, हे आपल्याला त्यामुळे कळत नाही. तंजावर म्हटल्याबरोबर आपल्या मनात भोसले राजे आणि सरस्वती महाल उभा राहतो, आणि हा पंडित मराठी होता काय, अशी शंका डोकावते. तो मोह आवरलेला बरा, कारण पुरावा नाही. परंतु एका ओळीचा प्रश्न होता. ती ओळ लिहिली गेली नाही आणि शतकभराहून अधिक काळ एवढ्या मोठ्या शोधाचा पहिला मानकरी निनावी राहिला.

याच्या शेजारी दुसरे एक उदाहरण ठेवतो. जयनगरात राहणाऱ्यास अशोकस्तंभ ठाऊक नाही असे होणार नाही. तो अर्वाचीन आहे. परंतु अशोकाचे खरे शिलालेख आपल्या याच राज्यात आहेत. चित्रदुर्ग जिल्ह्यातील ब्रह्मगिरी, सिद्धापूर आणि जटिंग-रामेश्वर येथील लेख बी. एल. राईस यांनी १८९२ मध्ये उजेडात आणले. हे राईस याच शहरात जन्मलेले, आणि म्हैसूर संस्थानातील हजारो शिलालेखांचे ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे खंड सिद्ध करणारे. या लेखात राजाचे व्यक्तिनाम नाही, केवळ ‘देवांचा प्रिय’ ही पदवी आहे. परंतु लेखाच्या शेवटी तो लिहिणाऱ्याचे नाव आहे: चपड. आणि आपण लिपिकर आहोत हे त्याने वायव्येकडील खरोष्ठी लिपीत नोंदविले आहे. त्यावरून तो दूरच्या उत्तरेकडून इकडे आला असावा, असे अभ्यासक मानतात. बावीसशे वर्षांपूर्वीचा एक लेखनिक आपल्याला नावाने ठाऊक आहे, आणि विसाव्या शतकातला एक पंडित ठाऊक नाही.

मराठीतही या सचोटीची परंपरा आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्या काळी पाठभेदांनी ग्रंथ गढूळ झाला होता. नाथ स्वतः समर्थ कवी. त्यांना चार ओव्या सुधारून घालणे अशक्य नव्हते. त्यांनी तसे न करता आपण काय केले ते शेवटी शकासह स्वतंत्रपणे नोंदविले, आणि पुढे कोणी आपल्या ओव्या या ग्रंथात मिसळू नयेत, असे बजावले. ज्ञानेश्वरांचे ते ज्ञानेश्वरांचे, आणि संशोधकाचे ते संशोधकाचे. चारशे वर्षांनंतर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. डॉ. वि. सी. सुकथनकरांनी १९२५ मध्ये तिची सूत्रे हाती घेतली, ते १९४३ मध्ये निवर्तले, आणि मूळ संहितेचे काम १९६६ साली पुरे झाले. त्या आवृत्तीचे कोणतेही पान उघडावे. वर संहितेच्या थोड्या ओळी आणि खाली बारीक अक्षरांत हस्तलिखितांच्या खुणांसह पाठभेदांची दाटी. शारदा लिपीतील प्रत काय म्हणते, मल्याळम् लिपीतील काय म्हणते, हे सर्व तेथे आहे. जो श्लोक संपादकांनी प्रक्षिप्त मानून बाहेर काढला, तोही कोणत्या प्रतींत आढळतो हे सांगून तेथेच ठेवला आहे. आपला निर्णय चुकीचा ठरविण्याचे साधन वाचकाच्या हाती देऊन ठेवणे, यापरता विद्वत्तेचा प्रामाणिकपणा मला ठाऊक नाही.

हे सर्व ऐकावयास बरे वाटते. प्रत्यक्षात आज काय चालते?

मागील वर्षी आमच्याच भागातील एका परिचितांची कन्या आपल्या प्रबंधाचे एक प्रकरण मला दाखविण्यास घेऊन आली. विषय मराठी-कन्नड संबंधांचा होता. मुलगी हुशार आहे. प्रकरणाच्या आरंभी वाक्य होते की, श्रवणबेळगोळ येथील शिलालेखातील वाक्य हे मराठीतील आद्य वाक्य असून ते इसवी सन ९८३ मधील आहे. मी विचारले, “हे कोणाच्या आधारे?” ती म्हणाली, “काका, हे तर सर्वांनाच माहीत आहे. याला कोणाचे नाव देऊ?”

प्रश्न रास्त होता. सूर्य पूर्वेस उगवतो यास आधार लागत नाही. परंतु श्रवणबेळगोळचे वाक्य त्या कोटीतले नाही. गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या त्या छोट्या लेखात काळाचा निर्देशच नाही. चामुंडरायाने मूर्ती करविली एवढेच पहिले वाक्य सांगते. मूर्तीचा काळ दहाव्या शतकाच्या अखेरचा, म्हणून वाक्यही त्याच काळचे, असे अनुमान केले गेले. त्याखालच्या दुसऱ्या वाक्यात भोवतीचे आवार गंगराजाने करविल्याचे म्हटले आहे, आणि गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा मंत्री, म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभीचा. अक्षरांचे वळण पाहता दोन्ही वाक्ये एकाच वेळी, १११७ च्या सुमारास, कोरली गेली असावीत, असेही मत अभ्यासकांनी मांडलेले आहे. तसे असेल तर आद्यत्वाचा मान अलिबागजवळच्या आक्षी येथील लेखाकडे जातो, त्याचा शक ९३४ वाचला गेला आहे म्हणून. आणि त्या वाचनाविषयीही मतभेद आहेत. डॉ. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. असले प्रश्न चिकित्सेने कसे पाहावेत, हे त्यात पाहावयास मिळते. परंतु पाठ्यपुस्तकाने एका पुस्तकातून घेतले, दुसऱ्याने पाठ्यपुस्तकातून, तिसऱ्याने दुसऱ्यातून. आणि प्रत्येक पायरीला ‘असावे’ हा शब्द गळत गेला. शेवटी अनुमानाचे वर्ष शिलालेखावरच कोरलेले आहे असे लोकांना वाटू लागले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मंजूर झाल्यापासून तर हे वर्ष पत्रकांतून आणि भाषणांतून अधिकच आत्मविश्वासाने ऐकू येते. भाषेचा अभिमान मलाही आहे. परंतु लेख आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे. अभिमानी मनुष्याने निदान तो जाऊन पाहावा.

त्या मुलीने पुढे जे केले ते सांगण्यासारखे आहे. तिने ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चा दुसरा खंड मिळविला. तो राईस यांनी १८८९ मध्ये काढला आणि १९२३ मध्ये आर. नरसिंहाचार यांनी सुधारून वाढविला. दोन्ही आवृत्त्या तिने ताडून पाहिल्या, आणि आपले एक वाक्य काढून त्या जागी दीड पान लिहिले. प्रबंधातील ते दीड पान मला सर्वांत चांगले वाटले. आधार देण्याची सक्ती झाली म्हणून ती मुळापर्यंत गेली, आणि मुळाशी गेल्यावर तेथे वाद आहे हे तिला दिसले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. त्यांत प्रबंधातील साम्याची टक्केवारी दिलेली आहे. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही. दहा ते चाळीसपर्यंत असल्यास प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करावयाचा. चाळीस ते साठपर्यंत एक वर्ष सादर करण्यास बंदी. साठाच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. नियमांची गरज होती हे निःसंशय. परंतु टक्केवारीचा एक विपरीत परिणाम मी पाहतो. दहा टक्के म्हणजे जणू प्रत्येकास मिळालेली चोरीची सवलत, अशा भावनेने विद्यार्थी बोलतात. संगणकाने अकरा दाखविले की चार वाक्यांतील शब्द बदलून ते नऊवर आणावयाचे, याला आता ‘शुद्ध करणे’ असा शब्दप्रयोगही रूढ होत आहे! एकनाथांनी केलेले शुद्धीकरण ते हे नव्हे. यंत्र शब्दांची तुलना करते. विचार कोणाचा हे त्याला विचारता येत नाही. शब्द बदलून घेतलेला विचार हा चोरून रंग दिलेल्या सायकलीसारखा असतो. रंग चोराचा, सायकल मालकाचीच.

आपणा दोन भाषांत वावरणाऱ्यांना तर याहून मोठा मोह आहे. कन्नडमधील एखाद्या अभ्यासकाचा लेख मराठीत उतरविला, तर मराठी वाचकाला मूळ ठाऊक नसते आणि कन्नड वाचक मराठी वाचत नाही. दोन्हीकडून निर्धोक. धारवाडच्या शं. बा. जोशी यांनी मराठी आणि कन्नड यांच्या संबंधांविषयी दोन्ही भाषांत आयुष्यभर लिहिले. त्यांचे सिद्धांत नाव न घेता मांडलेले मी अनेकदा ऐकले आहेत. याउलट डॉ. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ पाहावा. १९८४ च्या त्या ग्रंथाची भूमिका अनेकांना रुचली नाही. परंतु कोणता धागा कोणाकडून घेतला हे ढेरे सांगत जातात, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडावयाचे असेल तर कोठे भांडावे हे वाचकास कळते.

आणखी एक सूक्ष्म लबाडी आहे, तिला मी उसनी तळटीप म्हणतो. दुसऱ्याच्या ग्रंथात एखाद्या फारसी कागदाचा हवाला असतो. आपण तो ग्रंथ वाचतो आणि तळटीप मात्र थेट फारसी कागदाची देतो, जणू आपण तो दफ्तरात बसून वाचला. फारसीचे एक अक्षर न येणाऱ्यांच्या प्रबंधांत अशा तळटीपांची रांग असते. येथे वाक्य चोरलेले नसते, श्रम चोरलेले असतात. उपाय अगदी सोपा आहे: अमुक कागद, अमुक ग्रंथात उद्धृत केल्याप्रमाणे, असे लिहावे. त्याने लेखकाची प्रतिष्ठा कमी होत नाही, आणि मूळ वाचणाऱ्याने चूक केली असेल तर ती आपल्या माथी येत नाही.

लिहिणाऱ्यांचे ऋण मानणे तरी सोपे. जे लिहीत नाहीत त्यांचे काय? जात्यावरच्या ओव्यांचे जुने संग्रह आपण आवडीने वाचतो, पण ओवी कोणी गायिली हे बहुधा त्यांत नसते. ‘लोकांचे’ म्हटले की कोणाचेच राहत नाही. गी पॉइट्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदविण्याचा परिपाठ ठेवला. एवढ्या साध्या गोष्टीने ती बाई माहिती पुरविणारी न राहता कवयित्री झाली.

आता घरचा विषय, आणि मग मी थांबतो. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाचा पन्नास वर्षांचा इतिहास छापावयाचा आहे. त्याचे कच्चे टिपण संपादक समितीने कृपापूर्वक मला वाचावयास दिले. टिपण सुरेख आहे. मात्र पहिल्या दहा वर्षांची माहिती कोठून आली, हे त्यात नाही. काही इतिवृत्तांच्या वह्यांतून, काही वडीलधाऱ्यांच्या आठवणींतून आली असणार. आठवण आणि इतिवृत्त यांचे वजन सारखे नसते, म्हणून प्रत्येक मजकुराखाली तो वहीतला की आठवणीतला, आणि आठवण असल्यास कोणाची व केव्हा सांगितलेली, हे छापावे, अशी माझी विनंती आहे. दोघांच्या आठवणी जुळत नसतील तर दोन्ही द्याव्यात. गणेशोत्सवातील नाटकांची यादी आहे, तीत दिग्दर्शक आणि प्रमुख नट आहेत. पेटी कोणी वाजविली, रंगपट कोणी सांभाळला, तालमीसाठी आपल्या घरची खोली कोणी दिली, ही नावे अजून सांगू शकतील अशी माणसे या सभागृहात पहिल्या दोन रांगांत बसलेली मला दिसत आहेत. समितीने छपाईपूर्वी त्यांच्याकडे जावे. आणि ज्यांच्या घरी जुनी छायाचित्रे आहेत त्यांनी ती देताना मागील बाजूस मऊ पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे, आणि छायाचित्र कोणी काढले त्याचेही नाव, लिहून द्यावे. शाईने लिहू नये, ती पुढच्या बाजूस उमटते.